48 सुयांचं विणकामाचं मशीन आणि सोलापुरी सूत: सात महिन्यांनंतर

सोलापुरात सूत किलोवर मिळतं, मग लोकरीचे गुंडे कशाला घ्यायचे? या हिशेबापायी हँडल फिरवून नळीसारखं विणणाऱ्या या मशीनच्या तीन सुयांचे आकडे मोडले. विक्रेत्याने "सूत चुकीचं वापरलंत" म्हणून वॉरंटी नाकारली. वॉरंटीवरून अजूनही राग आहे, पण सुताबद्दल त्याचं खरं होतं.

टॉवेलचं 2/20 चं (वीस नंबरचे दोन धागे पिळलेलं) सूत एकेरी घातलं तर नुसती जाळी होते. मशीनला चालणाऱ्या मध्यम लोकरीच्या जाडीला यायला साधारण आठ पदर लागतात. ते सुटे असले की आकडा सहाच पदर पकडतो, उरलेले दोन बाहेर लोंबतात आणि पुढच्या फेरीला शेजारच्या सुईत गुंततात. त्यात सूत ताणलं जात नाही. ॲक्रिलिक लोकर जरा लवते, टाका सुईवरून सरकतो. सूत आवळून बसतं. हँडल जड झालं की तिथेच थांबायचं, थोडं उलट फिरवायचं आणि अडकलेला पदर क्रोशाच्या सुईने सोडवायचा. जोर लावला की कट्.

चौथ्या महिन्यापर्यंत "सूत नकोच" हेच मत होतं. मग आठही पदर डबलिंगवाल्याकडून पीळ घालून आणले, विणताना धागा मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घेतला आणि सुयांकडे धागा नेणाऱ्या मार्गदर्शकाच्या सगळ्यात सैल खाचेतून सोडला. टाके सुटणं जवळजवळ थांबलं. सुरुवातीच्या सात-आठ फेऱ्या मात्र अजूनही टाकाऊ ॲक्रिलिकच्याच: पहिल्या फेरीत धागा एका सुईच्या पुढून, दुसरीच्या मागून, आणि दुसऱ्या फेरीपासून मार्गदर्शकात. विणलेली नळी थोडी लांब झाली की खाली कपड्यांचे चार चिमटे, प्रत्येकाला एक नट-बोल्ट. वजन एका बाजूला गेलं तर त्याच्या समोरच्या बाजूचे टाके सुटतात.

फेऱ्या मोजणाऱ्या काउंटरवर विसंबू नका. चूक सुधारायला हँडल मागे-पुढे केलं की तीच फेरी तो दोनदा मोजतो. मोठ्यांच्या दुपदरी टोपीला 110 ते 120 फेऱ्या लागतात. दर दहाव्या फेरीला पेन्सिलीची रेघ ओढलेली बरी.

बुडाच्या रबरी वाट्या शहाबादीवर धरत नाहीत. गुळगुळीत टाइल ओल्या फडक्याने पुसून मशीन दाबून बसवा, नाहीतर क्लॅम्प लावा. ड्रिल जोडून फिरवण्याचे व्हिडिओ दिसतील. आतले दाते प्लॅस्टिकचे आहेत, तो मोह नको. आवाज वाढला तर सिलिकॉन ग्रीस, खोबरेल तेल नाही. धूळ चिकटून घट्ट होते.

22 सुयांचं स्वस्त पडतं, पण त्यावर बाहुलीचे कपडे आणि मनगटपट्ट्या. टोपी-मफलर हवे असतील तर 48 चंच घ्या, आणि पैसे देण्याआधी सुट्या सुया मिळतात का ते विचारा. सुतामुळे वाचलेल्या पैशातून सहा सुया आल्या. अजून फायद्यात आहे.