इंदूरमध्ये स्टॉक इंजिनला टर्बो बसवून घेतला, दीड वर्षानंतरचा रिव्ह्यू

गाडी भारतातली थर्ड जनरेशन होंडा सिटी, इंजिन १.५ आय-व्हीटेक, कंपनीची पॉवर ११८ पीएस आणि टॉर्क १४६ एनएम. इंजिन आतून पूर्ण स्टॉक, कंपनीतून आलं तसंच, म्हणजे पिस्टन, रॉड, हेड गॅस्केट यातलं काहीही उघडलेलं नाही. देवास नाक्याकडच्या एका गॅरेजमध्ये टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप, बसवून घेतला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत. थंडीत काम झालं, त्यानंतर दोन उन्हाळे आणि एक पावसाळा गाडीने बघितलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, इंजिन टिकेल का. टिकतं. टर्बोने इंजिन सहसा मरत नाही, मरतं ते उष्णतेने आणि चुकीच्या ट्यूनिंगने, म्हणजे लॅपटॉपवर इंधन आणि ठिणगीची वेळ चुकीची सेट केल्याने. गॅरेजवाले मात्र तुम्हाला टर्बोच दाखवतात, चकचकीत असतो ना, आणि ट्यूनिंगबद्दल विचारलं की "भिया टेन्शन मत लो, इंजन को कुछ नहीं होगा" एवढंच उत्तर.

माझा सेटअप अगदी छोटा आहे, बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला जास्तीचा दाब, फक्त ५ पीएसआय, वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट बाहेर सोडून बूस्ट रोखणाऱ्या झडपेची) स्प्रिंगच तेवढी आहे आणि बूस्ट कंट्रोलर मुद्दाम लावला नाही. हसू नका. इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब १४ पीएसआयच्या जरा खालीच, त्यावर ५ म्हणजे इंजिनला एक तृतीयांश हवा जास्त मिळते. पण हवा दाबली की तापते, एवढ्या बूस्टला सुद्धा कॉम्प्रेसरमधून निघताना चाळीसेक अंश वाढतात, म्हणजे जानेवारीत ठीक, मे महिन्यात बाहेर ४३ असेल तेव्हा ती हवा ऐंशीच्या पुढे जाते. मग सगळा भरवसा इंटरकूलरवर, ही हवा थंड करणाऱ्या रेडिएटरवर. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, मुळात दहाच्या वर, कारण ते बिनटर्बोचं म्हणून डिझाईन केलेलं. गरम हवा, जास्त कॉम्प्रेशन आणि कमी ऑक्टेनचं पेट्रोल एकत्र आलं की नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप भलत्या वेळी पेटणं, ठरलेलं (ऑक्टेन जास्त तेवढं नॉकिंग कमी), आणि नॉकिंगमध्ये आधी जातात त्या पिस्टनच्या रिंगांमधल्या पातळ कडा. स्टॉक पिस्टन कास्ट (ओतीव) असतात, फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) नाही, त्या कडा तुटल्या की कॉम्प्रेशन गेलं, इंजिन उघडा.

आता गॅरेजचं काम. फॅब्रिकेशन मस्त, यात वाद नाही. बसवायच्या आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमधून दाब किती गळतो ते) त्यांनी स्वतःहून केली आणि आकडे कागदावर लिहून दिले. ज्या गॅरेजमध्ये हे करत नाहीत तिथून सरळ निघा, कारण थकलेल्या इंजिनावर टर्बो म्हणजे पैसे पाण्यात. मॅनिफोल्डचं (इंजिनातून टर्बोकडे एक्झॉस्ट नेणाऱ्या पाइपांचं) वेल्डिंग बघून तर आमचे काका, जे पिथमपूरला फॅब्रिकेशनमध्ये नोकरी करून रिटायर झालेत, ते पण "हात चांगलाय रे" म्हणाले, आणि काका कोणाला चांगलं म्हणत नाहीत. स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे टाकले, गॅप कमी ठेवला, इंजेक्टर मोठे, हे सगळं न सांगता झालं.

एक गोष्ट मात्र चुकवली, ऑइल रिटर्न. टर्बोला इंजिनाचंच ऑइल दाबाने जातं, पण परत येताना ते फक्त उतारावर वाहून येतं, मागे दाब नसतो. यांनी रिटर्नच्या पाइपला सबफ्रेम चुकवायला खालून एक झोल दिला. झालं काय, सिग्नलला गाडी जरा उभी राहिली की सायलेन्सरमधून निळा धूर, आणि मागचा अ‍ॅक्टिव्हावाला हॉर्न देऊन सांगून राहिलाय की भाईसाब इंजन गया. गॅरेजचे मालक म्हणाले टर्बोचं सील खराब, नवीन टर्बो घ्या. मी गाडी लिफ्टवर घ्यायला लावली, पाइपचा तो झोल हाताने वर उचलून धरला आणि इंजिन चालू ठेवलं, थोड्या वेळात धूर बंद. मग पाइप सरळ केला, संपला विषय. पैसे घेतले नाहीत, पण सॉरी पण म्हणाले नाहीत.

खरी तक्रार ट्यूनिंगची. लॅपटॉपवर बसणारा मुलगा आपलाच, रामबागेतला, हुशार आहे, "दादा, दादा" करत सगळं समजावून सांगतो. पण त्याने ट्यून केलं जानेवारीच्या रात्री, सुपर कॉरिडॉरवर दोन-चार पुल मारून, म्हणजे पूर्ण पाय दाबून गाडी पळवून. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक कंपन्यांच्या टेस्टिंगसाठी आहे आणि आपलं टेस्टिंग हे असं. मे महिन्यात दुपारी मानपूर घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये थोडा जास्त पाय दिला तर कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. लगेच पाय काढला. लॉग (गाडीने नोंदवलेले आकडे) उघडला तर आत जाणारी हवा सत्तरच्या वर आणि इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जानेवारीत होतं तेवढंच. हवा तापली की टायमिंग मागे घ्यायचा एक वेगळा तक्ता असतो, इनटेक टेंपरेचर करेक्शनचा, तो त्याने भरलाच नव्हता, पन्नासच्या पुढे सगळीकडे शून्य. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, "दादा, थंडीत ते दिसलंच नाही." दिसणार कसं! पुन्हा भर दुपारी बायपासवर नेऊन ट्यून करायला लावलं, तेव्हापासून आवाज नाही. मॅपची, म्हणजे या सगळ्या तक्त्यांची, फाइल पण मागून घेतली, आधी कुरकुरले, मग दिली.

पेट्रोलचं पण बघा. आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, नॉकिंगला ते उलट बरं, पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं, साध्या पेट्रोलला हवा आणि इंधनाचं १४.७ ला १ हे प्रमाण तर ई२० ला साडेतेराच्या आसपास. हळू चालवताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून हे सांभाळतो, फुल बूस्टमध्ये मात्र बहुतेक सेटअप मॅपमध्ये लिहिलेलंच इंधन टाकतात. म्हणजे जुन्या पेट्रोलवर ट्यून केलेली गाडी ई२० वर लीन, म्हणजे कमी इंधनावर चालणार आणि लीन म्हणजे अजून गरम. तुम्ही रोज ज्या पंपावर भरता तेच पेट्रोल टाकून ट्यून करा, आणि हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं वाइडबँडचं मीटर डॅशबोर्डवर असू द्या.

बाकी रोजचं सांगायचं तर इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे आल्यामुळे एबी रोडच्या ट्रॅफिकमध्ये एसी जरा मरतो. क्लच मूळ टॉर्कसाठी बनलेला, तो घसरायला लागला म्हणून बदलला, हा खर्च कोटेशनमध्ये कोणीच लिहीत नाही. ऑइल फुल सिंथेटिक, ५ हजारला बदलतो. जोरात चालवून आलो की एखाद मिनिट आयडलवर ठेवून मग बंद, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल जळून कोळसा होतं. टर्बो लाख-लाख आरपीएमच्या वर फिरतो, त्याला ऑइलमधला कचरा अजिबात चालत नाही.

पण चालवायला? अहाहा. ३ हजारच्या पुढे गाडी जी उचलते, खंडवा रोडला भेरूघाटात ट्रकच्या मागे अडकलात तरी तिसऱ्यातच ओव्हरटेक होऊन जातं.

कायद्याचं मालकांना विचारलं तर म्हणे बोनट के अंदर कौन देखता है. बघतात हो, क्लेमच्या वेळी इन्शुरन्सचा सर्व्हेअर नेमकं तेच बघतो. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे माहीत असूनच मी केलं, तुम्ही तुमचं बघा.

स्विफ्टवाल्यांनी खास वाचा, कारण इंदूरमध्ये मला सगळ्यात जास्त तेच विचारतात. मागच्या पिढीच्या स्विफ्टमधल्या के१२एन इंजिनाचं कॉम्प्रेशन १२ ला १ आहे. त्याच सुझुकीने टर्बोवाली १ लिटर बूस्टरजेट बनवली तेव्हा कॉम्प्रेशन १० ला १ ठेवलं, ते काही हौस म्हणून नाही. १२ वर बूस्ट द्यायचा तर मला वाटतं आधी पिस्टन बदला, आणि तेवढे पैसे जोडले की जुनी बलेनो आरएस किंवा फ्रॉन्क्स टर्बो बघायला जा ना. फॅक्टरी टर्बोमध्ये कूलिंगपासून मॅपपर्यंत सगळं त्याच हिशोबाने केलेलं असतं, नवी घेतली तर वॉरंटी वर. रोज ऑफिसला एकच गाडी असेल तर मी नक्की तेच सांगीन. माझ्याकडे घरात दुसरी गाडी आहे म्हणून ही चैन.

क्लच धरून सगळा खर्च अडीच लाखांच्या घरात गेला. फॅब्रिकेशनला चार स्टार, ट्यूनिंगला दोन, दुसऱ्यांदा केलेल्या ट्यूनिंगला साडेतीन. बिलावर नुसतं "लेबर" लिहून देतात, पार्टची नावं वेगळी लिहून मागा. आणि जाणार असाल तर एप्रिल-मेमध्येच जा, दुपारी, त्या मुलाला आधी फोन करून, कारण संध्याकाळी तो दुसऱ्या गॅरेजला असतो.