ए-थ्री कागदावर नऊ महिने: फौंड्रीतला अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी गुणवत्ता विभाग बघतो. ग्रे आयर्नचं, म्हणजे बिडाचं काम, त्यातला मोठा भाग वाहन उद्योगाचा. मागच्या पावसाळ्यापासून रिजेक्शनचे, म्हणजे नापास मालाचे प्रश्न आम्ही ए-थ्री पद्धतीने सोडवायला लागलो: एक प्रश्न एकाच मोठ्या कागदावर मांडून त्याचं कारण शोधायचं. नऊ महिन्यांत सात कागद भरले. चार तडीस गेले, दोन अर्ध्यावर पडून आहेत, एक साफ फसला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या भागात माझ्यासारखंच काम करणारे बरेच जण ही पद्धत घ्यावी का, असं विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पद्धत टोयोटाची. २९७ बाय ४२० मिलीमीटरचा एकच कागद घ्यायचा, पेन्सिलीने लिहायचं. डाव्या अर्ध्यात पार्श्वभूमी, सद्यस्थिती, लक्ष्य आणि कारणांचा शोध; उजव्या अर्ध्यात उपाय, कोण कधी करणार, पडताळणी आणि शिल्लक राहिलेली कामं. बस्स. वाहन उद्योगात फोर्डकडून आलेला एट-डी (आठ पायऱ्यांचा) रिपोर्ट सगळ्यांना माहीत आहे, तोही आम्ही वर्षानुवर्षं भरतो. पण तो भरताना मनात ग्राहक असतो. चोवीस तासांत माल अडवल्याचं कळवायचं, ठरलेल्या मुदतीत कारण लिहून द्यायचं, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’, उपायाच्या रकान्यात ‘प्रशिक्षण दिले’. असे किती रिपोर्ट मी स्वतः सही करून पाठवलेत, त्याची मला आज टोचणी आहे.

पहिला कागद ब्लोहोलचा, म्हणजे ओतताना वायू अडकून धातूत राहणाऱ्या पोकळ्यांचा. एका हाउसिंगमध्ये (कवचासारख्या ओतीव भागात) जूनपासून ब्लोहोल वाढले होते. हा दोष फेटलिंगला (ओतलेला भाग साफ करताना) दिसत नाही, ग्राहकाकडे मशीनिंग झाल्यावर उघडा पडतो. म्हणजे कास्टिंग गेलं, वाहतूक गेली आणि वर मशीनिंगचा भुर्दंडही आपल्याच माथी. जुलैत त्या एका पार्टचं रिजेक्शन सात टक्क्यांच्या वर गेलं. आमच्याकडे उत्तर तयार होतं: पावसाळा आहे, सँड (साच्याची रेती) ओली आहे. दुसरं उत्तर दबक्या आवाजात फिरत होतं: दुसऱ्या पाळीचे तात्या आता थकलेत, त्यांचं मोल्डिंग (रेतीचे साचे बनवणं) ढिलं पडतंय. तात्या तीस वर्षं मोल्डिंग करतायत.

पद्धत शिकवायला ग्राहकाकडचे सप्लायर क्वालिटीचे एक ज्येष्ठ साहेब यायचे. मी मोठ्या उत्साहाने सद्यस्थितीच्या चौकटीत ‘पावसामुळे सँडमध्ये जास्त ओलावा’ असं लिहिलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, “हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?” सँड लॅबची वही आणली. ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, मे महिन्यात होता तेवढाच. त्यांनी ते वाक्य माझ्याच हाताने खोडायला लावलं.

मग तीन आठवडे आम्ही फक्त डाव्या बाजूवर होतो. मालकांना हे अजिबात पटत नव्हतं. रोज माल परत येतोय आणि तुम्ही कागद रंगवताय, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. तोवर हाउसिंगची शंभर टक्के तपासणी लावली होती, त्यासाठी दोन माणसं जास्तीची बसली होती. पण या तीन आठवड्यांबद्दल मी आज ठामपणे बोलू शकतो, कारण सगळं त्यातच हाती लागलं. खराब नग पाळीनुसार वेगळे केले तर जवळपास सगळे रात्री ओतलेले. लगेच बोट रात्रीच्या ओतणाऱ्यांकडे गेलं. पायरोमीटरच्या नोंदी काढल्या, धातूचं तापमान दोन्ही पाळ्यांत सारखंच. मग साच्याच्या प्रत्येक पेटीवर ती बंद केल्याची वेळ खडूने लिहायला सुरुवात केली आणि ओतताना दुसरी वेळ टिपली. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं: तासाभरात ओतलेल्या पेट्या चांगल्या, चार-पाच तास बसून राहिलेल्या पेट्यांत ब्लोहोल.

हे घेऊन मी तात्यांकडे गेलो. ते म्हणाले, “सायब, सँड गरम असतीया. पेटी लई येळ मिटून ठेवली की आतल्या कोअरला घाम सुटतोय. हात लावून बघा की.” त्यांनी एक पेटी उघडून दाखवली. कोअर, म्हणजे भागातली पोकळी घडवायला साच्यात ठेवलेला रेतीचा गाभा, खरोखरच ओलसर लागत होता. वापरून परत आलेली सँड पन्नास अंशांच्या वर गरम असते, तिच्यातली वाफ थंड कोअरवर बसते. शिवाय आमचे कोअर सीओटूचे (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेले), ते ओलावा पटकन धरतात. धातू आत गेला की त्याचाच वायू होतो. हे त्यांना कधीपासून माहीत होतं, असं विचारलं. जूनपासून, म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

यापुढे ‘का’ विचारत गेलो. ब्लोहोल का, तर कोअर ओला. कोअर ओला का, तर पेटी तासन्‌तास बंद. बंद का, तर मोल्डिंग दुपारी आणि ओतणं रात्री. तसं का? संध्याकाळी विजेचा दर चढा असतो, म्हणून मे महिन्यात ऑफिसमध्ये ठरलं होतं की त्या वेळेत भट्टी बंद ठेवायची आणि रात्री चालवायची. त्या बैठकीला मी होतो. मोल्डिंगचं कोणीच नव्हतं.

वीजबिलातली बचत खरी होती, त्यामुळे भट्टीची वेळ आम्ही परत बदलली नाही. कामाचा क्रम बदलला. कोअर नसलेले पार्ट दुपारी मोल्ड करायचे, कोअरच्या पेट्या भट्टीत चार्ज (वितळवायचा माल) पडल्यावरच मिटायच्या, आणि तासाच्या वर गेलेली पेटी ओतायची नाही. खर्च खडूचा. ऑगस्टच्या मध्यापासून हे लागू केलं आणि सप्टेंबरअखेर त्या पार्टचं रिजेक्शन दोन टक्क्यांच्या खाली आलं. पाऊस तेव्हा चालूच होता, म्हणून हा फरक हवामानामुळे पडला असं मला वाटत नाही.

आता त्रासाचं. फसलेला कागद डिस्पॅचच्या उशिराचा होता. तो मी एकट्याने, संगणकावर, एका दुपारी भरला. रंगीत आलेख, नीट चौकटी, फिशबोनचं (माशाच्या काट्यासारखं कारणं मांडणारं) चित्रसुद्धा. डिस्पॅचच्या माणसांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा उजवी बाजू पूर्ण भरलेली होती, त्यांना फक्त तारखा द्यायच्या होत्या. त्यांनी तारखा दिल्या, काम कोणी केलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे पहिला खर्डा पेन्सिलीने आणि प्रश्न जिथे आहे तिथेच उभं राहून लिहायचा, असा नियम आहे. संगणकावरचे तयार नमुने टाळा. चौकट दिसली की माणूस ती भरायला बघतो.

पाच वेळा ‘का’ विचारणंही वाटतं तेवढं सोपं नाही. कारणं एकाच धाग्यात येत नाहीत. ब्लोहोलच्या वेळी रेती गरम असणं हा दुसरा धागा होता आणि तो आम्ही जवळजवळ सोडून दिला होता. साहेबांनी सांगितलेली एक युक्ती उपयोगी पडते: साखळी उलटी, ‘म्हणून’ लावत वाचायची. पेटी बंद राहिली म्हणून कोअर ओला झाला, हे जुळतं. पण बंद पेटीत थंड सँड असती तर? तिथे अडखळलो, तेव्हा गरम सँड कागदावर आली. आणि एखाद्या ‘का’चं उत्तर माणसाचं नाव निघालं, तर तिथे थांबू नका, आणखी एक ‘का’ विचारा.

लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) गळतंय, कोणाला भाजलंय, अशा वेळी कागद काढायचा नाही, आधी आग विझवायची. ज्याचा उपाय समोर दिसतोय त्यालाही कागद लागत नाही. आमच्या एका उत्साही मुलाने हातमोजे संपण्यावर ए-थ्री लिहायला घेतला होता, मी त्याला सरळ स्टोअरमध्ये पाठवला. महिन्याला एकापेक्षा जास्त कागद आमच्या आकाराच्या फौंड्रीला झेपत नाही. ते दोन अर्धवट कागद आम्ही एकदम तीन उघडले म्हणूनच राहिले.

आणि विचारणारं कोणीतरी लागतं. साहेब महिन्यातून एकदा येत होते तेव्हा आणि जानेवारीत त्यांची बदली झाल्यावर, या दोन काळातल्या कागदांत मला फरक दिसतो. नंतरच्या कागदांवर खाडाखोड कमी आहे. आता आम्ही एकमेकांचे कागद तपासतो. मोल्डिंगचा कागद मेल्टिंगवाले, मेल्टिंगचा मी. बरं चाललंय, पण त्यांच्यासारखं अजून जमत नाही.

पहिल्या कागदाची शेवटची चौकट अजून उघडी आहे. तिथे ‘सँड कूलर’ असं लिहिलंय, तात्यांच्या अक्षरात. दोन कोटेशनं आली आहेत, मालक विचार करतायत. तोवर खडू आहेच. जूनमध्ये पाऊस लागला की पेट्यांवरच्या वेळा पुन्हा रोज तपासणार आहे, आणि तो आकडा इथेच खाली लिहीन.