पिस्टन तोच, बिल मात्र नव्याचं

उंच माथ्याचा पिस्टन बसवायचं शहाणपण माझंच. इंजिन जुनं, एका सिलिंडरचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिमी, म्हणजे 346 सीसी. मुळात ते 6.5:1 कॉम्प्रेशनसाठी घडवलेलं, म्हणजे आतलं मिश्रण साडेसहा पट दाबलं जाईल असं. पुन्हा बांधताना हौसेने मी ते 8:1 च्या घरात नेलं आणि चढ लागला की नॉकिंग (इंधन नको तसं पेटून होणारी ठकठक) सुरू झालं. शेवटी कॉम्प्रेशन उतरवून घ्यायला इंजिन एका मेस्त्रींकडे दिलं. "माथ्यात वाटी असलेला पिस्टन टाकतो, साडेसहावर आणून देतो," असं ठरलं. बिलातही नवा पिस्टन लागला. जुना परत मागायचं मला सुचलं नाही.

इंजिन घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी सिलिंडरमधला दाब मोजणारा गेज लावून दाखवला. आकडा खरंच कमी होता. पण किक मारताना थ्रॉटल बंद होता, हे माझ्या डोळ्यांसमोर घडूनही लक्षात आलं नाही. थ्रॉटल बंद असला की सिलिंडरमध्ये हवा पुरती भरत नाही आणि गेज कमीच दाखवतो. शिवाय त्याच्यावर दाब दिसतो, रेशो नाही. रिंगा झिजल्या असतील तरी तो पडतोच.

नॉकिंग मात्र थांबलं होतं, म्हणून मी खूश. मग हळूहळू कळायला लागलं: ओढ नाही, सायलेन्सरचा पाइप नको तितका तापतो, हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) सांध्यातून तेल पाझरतं. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग तपासलं तर ते चांगलंच लेट करून ठेवलेलं. आवाज दाबला होता, आजार तसाच. टॅपेट (व्हॉल्व्हजवळची फट) बघायला गेलो तर ॲडजस्टरचा आटा जवळजवळ संपलेला! पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणाऱ्या दांड्या) जुनेच असताना असं होतं ते हेड वर उचललं गेल्यावर.

मग पिस्टन वरच्या टोकाला आणला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, इंजिन कलतं करून प्लगचं भोक सर्वांत वर घेतलं आणि ब्युरेटने (मापाच्या काचनळीने) पातळ तेल सोडलं. 53 सीसीला तेल प्लगच्या आट्यांना लागलं. 346 भागिले 53, अधिक 1. साडेसात. साडेसहासाठी तिथे 63 सीसी मावायला हवं होतं.

हेड काढलं. एकावर एक दोन पॅकिंग. पिस्टनचा माथा घासूनपुसून लख्ख केलेला, पण त्यावर बारीक खोक होती. पहिल्या वेळी माझ्याच हातून स्क्रूड्रायव्हर पडला होता, ती खूण मी कशी विसरेन!

विचारलं तर मेस्त्री म्हणाले, "आता वाजत नाही ना? मग झालं की."

असं काम बाहेर देणार असाल तर हेड बसवण्याआधी स्वतः जाऊन माथा बघा, सीसी तुमच्यासमोर मोजायला लावा, जुना पिस्टन हातात घ्या. पॅकिंग वाढवून भागेल असं कुणी म्हणालं तर हिशेब विचारा: या बोअरला 1 मिमी जाडीने जेमतेम 3.85 सीसी मिळतात. मला हवे होते 14 (8:1 ला असलेल्या सुमारे 49 वरून 63), म्हणजे साडेतीन मिमीहून जास्त जाडी. तेवढं हेड उचललं तर पुशरॉडही लांब घ्यावे लागतील, हे त्या मेस्त्रींना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.