माला-चक्र : 32 मण्यांवर पाळीची मोजणी

माला-चक्र ही 32 रंगीत मण्यांची माळ मी गेले वर्षभर वापरत आहे. अमेरिकेतील जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या प्रजनन आरोग्य संस्थेने ती कुटुंबनियोजनासाठी तयार केली आणि आपल्याकडे झारखंडमध्ये तिचा वापर झाला. मी मात्र ती गर्भनिरोधनासाठी घेतली नव्हती. आपली पाळी नेमकी कशी चालते हे एकदा तरी नीट कळावे, एवढाच माझा हेतू होता.

वापर अगदी सोपा आहे. पाळी सुरू झालेल्या दिवशी काळे रबरी कडे लाल मण्यावर आणायचे आणि मग रोज एक मणी पुढे सरकवायचे. लाल मण्यानंतर 6 तपकिरी, मग 12 पांढरे आणि शेवटी 13 तपकिरी मणी येतात. 8व्या ते 19व्या दिवसापर्यंतचे पांढरे मणी म्हणजे गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस.

माझ्या दृष्टीने या माळेचे सर्वांत मोठे काम म्हणजे मोजणी पहिल्या दिवसापासून करायची, हे तिने अंगवळणी पाडले. आमच्या घरी चौथ्या दिवशी न्हाऊन झाले की तिथून पुढचे दिवस मोजण्याची पद्धत होती, त्यामुळे डॉक्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारत तेव्हा मी अनेक वर्षे न्हाण्याचीच तारीख सांगत आले.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे, तो म्हणजे पाळी तारखेच्या तारखेला आली तरच नियमित. 28 दिवसांचे चक्र असलेल्या बाईला 5 मार्चला पाळी आली तर पुढची 2 एप्रिलला आणि त्यापुढची 30 एप्रिलला येईल. एका महिन्यात दोनदा आली म्हणून घरात काळजी सुरू होते, पण ती पाळी पूर्णपणे नियमित असते. माझ्या वर्षभराच्या नोंदींत चक्र 26 ते 31 दिवसांचे निघाले. फक्त टायफॉइड झाला तेव्हा ते 34 दिवसांवर गेले. अशा वेळी बहुधा बीज बाहेर पडण्यासच उशीर होतो, कारण त्यानंतर पाळी येईपर्यंतचा सुमारे दोन आठवड्यांचा काळ फारसा बदलत नाही. म्हणूनच ‘14व्या दिवशी बीज सुटते’ हे विधानही सर्वांना लागू पडत नाही.

माळेच्या मर्यादा मात्र ठळक आहेत. तिचे गणित 26 ते 32 दिवसांच्या चक्रावर बसवलेले आहे, तर निरोगी प्रौढ स्त्रीचे चक्र 21 ते 35 दिवसांचे असू शकते. 24 दिवसांचे चक्र असलेल्या बाईने माळ पाहून स्वतःला आजारी समजू नये, पण गर्भनिरोधनासाठी तिच्यावर विसंबूही नये. ज्यांचे चक्र या चौकटीत बसते, त्यांच्यातही सर्वसाधारण वापरात वर्षभरात शंभरांतल्या सुमारे 12 जणींना गर्भ राहतो, ही गोष्ट माळ देणाऱ्याने स्पष्ट सांगायलाच हवी.

मला सर्वाधिक खटकलेली उणीव अशी की कडे पुन्हा लाल मण्यावर आले की मागच्या महिन्याचे काहीच उरत नाही. रक्तस्राव किती झाला, किती दुखले, हे नोंदवायला माळेत जागाच नाही. पोटात दुखणे बाईच्या जातीला लागलेलेच आहे आणि मूल झाले की ते थांबते, असे सांगून मुलींना वर्षानुवर्षे गप्प बसवले जाते. कामाला जाता येऊ नये इतके दुखणे एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, लक्षण असू शकते. तसेच 7 दिवसांहून अधिक रक्त जाणे किंवा दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, हे तपासून घेण्याचे कारण आहे. म्हणून मी माळेशेजारी एक वही ठेवली. तिच्यात पहिला दिवस, लागलेले पॅड आणि घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या लिहिते. डॉक्टरांकडे जाताना मी ही वहीच नेते.

माझ्या 13 वर्षांच्या भाचीने ही माळ मागितली होती, पण मी ती तिला दिली नाही. पहिली काही वर्षे दोन पाळ्यांमधले अंतर 45 दिवसांपर्यंतही जाऊ शकते आणि शेवटचा मणी ओलांडला की ती उगाच घाबरली असती. तिला मी तशीच एक वही आखून दिली आहे.