१४९वर थांबलेला आकडा: ई-बर्डचे आठ महिने

ऑक्टोबरात ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप फोनवर घेतलं, तेव्हा कावळा, बगळा आणि खंड्या यांपलीकडे मला फारसं काही ओळखता येत नव्हतं. घर जुन्या गोव्याजवळ, करमळीचं तळं स्कूटरवर दहा मिनिटांवर, पण पहाटे तिकडे कधी फिरकलो नव्हतो. अ‍ॅपने ती सवय लावली.

यादी सुरू करायची, दिसतील ते पक्षी मोजायचे, यादी पाठवायची. नवा पक्षी मिळाला की आयुष्यभराचा आकडा वाढतो. सलग किती दिवस यादी दिली तेही दिसतं आणि गोव्यातल्या पहिल्या १०० जणांत आपण कितवे, हेसुद्धा. याची ओढ जबरदस्त आहे. सलग दिवसांचा आकडा तुटू नये म्हणून मी कित्येक संध्याकाळी गच्चीत पाच मिनिटं उभा राहून तेच चार पक्षी लिहून टाकले. बघणं त्यात नव्हतंच.

अ‍ॅपमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे पाठवण्याआधीचा एक प्रश्न: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? 'हो' म्हटलं, तर यादीत जे नाही ते दिसलं नाही, हीसुद्धा नोंद होते. अभ्यासकांना तीही लागते. हे कळल्यावर मी साळुंकीसुद्धा मोजू लागलो.

मे महिन्यात आकडा १४९ होता. तळ्याच्या पलीकडच्या काठाला, अडई बदकांच्या थव्याबाहेर, एक तपकिरी बदक दिसलं. १५० व्हावेत म्हणून मी बेधडक 'तलवार बदक' लिहिलं. थंडीतला पाहुणा, मे महिन्यात! अ‍ॅपने तिथेच तपशील मागितला, मी दोन ओळी खरडल्या. काही दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाची मेल आली. भाषा नम्र होती, फोटो आहे का एवढंच विचारलं होतं. फोटो मोठा करून पाहिला: चोचीच्या टोकाला पिवळा, मुळाशी लाल ठिपका. हळदीकुंकू बदक! ते तर जानेवारीतच माझ्या यादीत आलं होतं. नोंद दुरुस्त केली, आकडा पुन्हा १४९.

तपासणारं माणूस आहे म्हणून या खेळावर माझा विश्वास बसला. नुसत्या आकड्यांवर तो चालला असता, तर माझ्यासारख्यांनी तळं खोट्या बदकांनी भरून टाकलं असतं.

नव्याने घेणार असाल तर पहिले दोन महिने क्रमवारी उघडूच नका. पक्षी बघायला चोडण बेटावर जाणार असाल तर फोन पूर्ण चार्ज करून फेरीबोटीत बसा, चाललेल्या वाटेची नोंद ठेवताना बॅटरी लवकर उतरते. सलग दिवसांचा आकडा मी मोडू दिलाय. पाऊस लागला की बाल्कनीतूनच यादी करणार आहे, पण पंधरा मिनिटं तरी नीट बसून.