विजापूर की बिदर: मार्गदर्शकासोबत एकच फेरी करायची तर?

सुट्टी एका शहरापुरती आणि मन दोन्हीकडे, अशांसाठी.

भव्यतेत विजापूर पुढे. १६५६ च्या गोलघुमटाचा, म्हणजे मोहम्मद आदिलशाहच्या कबरीचा, घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. पण सकाळी लवकर गाठा, नंतर घुमटात घुमणाऱ्या प्रतिध्वनीपेक्षा आरडाओरडाच ऐकू येतो. इब्राहिम रोजा या आदिलशाही कबरीच्या भिंतींवरची कोरीव अक्षरे वाचून दाखवणारा मात्र सोबत हवाच.

कारागिरीत बिदर. बहमनी वजीर महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशावर रंगीत फरशांचे अवशेष, किल्ल्यातल्या रंगीन महालात शिंपल्यांचे जडावकाम. आणि बिद्रीकाम तर आजही चालू आहे: जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली माती वापरून धातू काळा करतात. अष्टूरच्या बहमनी सुलतानांच्या कबरी शहराबाहेर, तेवढे वाहन धरा.

मुले सोबत असतील तर विजापूर. हातकामाची ओढ असेल तर बिदर.