दोन गोण्या नॅचरल झिओलाइट आणि त्यांचा लॅब रिपोर्ट : माझा अनुभव

फिश टँकचा फिल्टर आणि कुंड्यांची माती या दोन कामांसाठी मी दोन वेगळ्या सेलरकडून नॅचरल झिओलाइट, म्हणजे पाण्यातला अमोनिया धरून ठेवणारं सच्छिद्र खनिज, मागवलं होतं, दोन्ही गोण्यांवर '१०० टक्के नॅचरल झिओलाइट' एवढंच छापलेलं, आणि नंतर दोन्हीचे नमुने खनिजांची टेस्टिंग करणाऱ्या एका लॅबला पाठवले. पाचपैकी द्यायचे तर पहिल्या गोणीला साडेचार, दुसरीला एक, लॅबला चार. नावं कुणाचीच लिहीत नाहीये, गोणी घेताना काय विचारायचं ते कळलं तरी खूप झालं.

पहिली गोणी हिरवट राखाडी दाण्यांची, चार पाण्यांनी धुतल्यावर धूळ गेली. दुसरी पांढरीशुभ्र, दिसायला एकदम स्वच्छ, आणि मला आधी तीच जास्त आवडली होती. पाण्यात टाकल्यावर दोन्हीतून बुडबुडे आले. व्हिडिओत हेच दाखवून 'ओरिजिनल' म्हणतात, पण विटेचा कोरडा तुकडा टाकला तरी बुडबुडे येतातच, त्यावर अजिबात जाऊ नका.

त्यापेक्षा मी जे केलं ते करून बघा. दोन्हीचे थोडे दाणे ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन तास तापवले, घट्ट झाकणाच्या डब्यात पूर्ण गार होऊ दिले, मग थोडे तळहातावर घेऊन वर चमचाभर पाणी सोडलं. पहिल्या गोणीचे दाणे हातातच चांगले गरम झाले, दुसरीचे होते तसेच गार. झिओलाइटच्या आतल्या बारीक वाटांमध्ये पाणी असतं, तापवलं की ते निघून जातं पण सांगाडा तसाच राहतो, आणि पाणी परत आत शिरलं की उष्णता बाहेर पडते. नावसुद्धा या पाण्यावरूनच पडलंय, १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा एक दगड ज्योतीत तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड'.

आता लॅबचं. नमुन्याच्या फॉर्ममध्ये 'वापर कशासाठी' असा रकाना होता, ते मला फार आवडलं, कारण कुठल्या टेस्ट लागतील ते त्यावरच ठरतं. सगळ्यात महत्त्वाची एक्सआरडी, म्हणजे एक्स-रेने खनिज ओळखायची टेस्ट. दाण्यांची पावडर करून त्यावर एक्स-रे सोडतात आणि प्रत्येक खनिज आपापल्या ठरलेल्या कोनांवर ग्राफमध्ये उंच टोक, म्हणजे 'पीक', देतं. क्लिनोप्टिलोलाइट, म्हणजे फिल्टर आणि शेतीसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं झिओलाइट, तांब्याच्या एक्स-रे ट्यूबवर ९.९ आणि २२.४ अंशांच्या आसपास ठळक पीक देतं. पहिल्या गोणीच्या ग्राफवर ही दोन्ही पीक स्पष्ट होती, सोबत थोडं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार, जे नैसर्गिक मालात असतंच. दुसरीच्या ग्राफवर २६.६ अंशांना क्वार्ट्झचा मोठा सुळका, २९.४ ला कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज), आणि ९.९ ला नुसता उंचवटा. म्हणजे गोणीत झिओलाइट होतं, पण नावापुरतं.

आणि याचाच मला राग आला, कारण दुसऱ्या सेलरने विकताना सर्टिफिकेट दाखवलं होतं, त्यावर सिलिका इतके टक्के, अॅल्युमिना इतके टक्के असा तक्ता होता आणि मी त्यावर विश्वास ठेवला. तो एक्सआरएफचा तक्ता असतो, त्यात मूलद्रव्यं कळतात, खनिज कळत नाही. ज्या ज्वालामुखीच्या राखेपासून क्लिनोप्टिलोलाइट तयार होतं त्या राखेचा तक्ताही बऱ्यापैकी तसाच दिसू शकतो. तेव्हा सर्टिफिकेट मागताना एक्सआरडीचा ग्राफच मागा.

लॅबने अजून एक काम मनापासून केलं. ह्यूलंडाइट नावाचं दुसरं झिओलाइट आणि क्लिनोप्टिलोलाइट यांचा सांगाडा एकच, ग्राफ जवळजवळ सारखा, फरक सिलिकॉन आणि अॅल्युमिनियमच्या प्रमाणात, ते ४ च्या वर असेल तर क्लिनोप्टिलोलाइट. त्यांनी प्रमाण तर काढलंच, शिवाय नमुना रात्रभर ४५० डिग्रीला तापवून परत एक्सआरडी घेतला, ह्यूलंडाइट असतं तर सांगाडा कोसळला असता, इथे पीक जागच्या जागी होती.

मग सीईसी, म्हणजे दाणे किती आयन (विद्युतभार असलेले कण) धरून अदलाबदल करू शकतात ते. सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी जिथे अॅल्युमिनियम बसतं तिथे ऋण भार येतो, तो सांभाळायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत सैलसर बसलेले असतात, आणि बाहेरून अमोनियम, म्हणजे पाण्यातल्या अमोनियाचं आयन रूप, आलं की हे जागा सोडतात. पहिल्या गोणीचा आकडा ग्रॅमला १.३ मिलीइक्विव्हॅलंट आला, दुसरीचा ०.२. १.३ म्हणजे कागदावर ग्रॅममागे साधारण २३ मिलिग्रॅम अमोनियम, टँकमध्ये त्यापेक्षा बरंच कमी धरलं जातं कारण पाण्यात बाकीचे आयनही जागेसाठी भांडत असतात. क्लिनोप्टिलोलाइटला सीझियम सगळ्यात जास्त आवडतं, मग पोटॅशियम, मग अमोनियम, सोडियम आणि कॅल्शियम त्यांच्या मागे. या सीझियमच्या ओढीमुळेच चेर्नोबिलनंतर ते किरणोत्सारी पाण्यासाठी वापरलं गेलं.

हा क्रम आधी माहीत असता तर माझे दोन मासे वाचले असते. मासे आजारी पडले म्हणून मी टँकमध्ये मीठ टाकलं आणि झिओलाइटची पिशवी फिल्टरमध्येच राहिली. मीठ जास्त झालं की सोडियम नुसत्या संख्येच्या जोरावर अमोनियमला बाहेर ढकलतं, आणि दुसऱ्या दिवशी अमोनियाच्या टेस्ट किटमधलं पाणी पिवळ्याचं गडद हिरवं, म्हणजे अमोनिया वाढलेला. त्यामुळे मीठ टाकायचं असेल तर पिशवी आधी बाहेर काढा, आणि समुद्री टँकमध्ये अमोनियासाठी हे वापरूच नका.

एसईएमचे, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे, फोटो मात्र जपून ठेवावेत असे आलेत, पहिल्या गोणीत चपट्या पेटीसारखे स्फटिक एकमेकांना चिकटून उभे. ही टेस्ट मी मुद्दाम करून घेतली, कारण एरियोनाइट नावाचं झिओलाइट सुईसारख्या तंतूंचं असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होतो, तुर्कस्तानात कॅपाडोशियातल्या काही गावांत मेसोथेलिओमाने (फुप्फुसाच्या आवरणाच्या कॅन्सरने) फार माणसं गेली आहेत. माझ्या नमुन्यांत तसे तंतू दिसले नाहीत, तरी चाळताना मी मास्क लावते, क्वार्ट्झची धूळही वाईटच. बीईटीचा, म्हणजे नायट्रोजन वायू वापरून मोजलेल्या पृष्ठभागाचा, आकडा कमी आला तर घाबरू नका, नायट्रोजन या बारीक वाटांत नीट शिरतच नाही.

लॅबचा एक स्टार कापला तो वेळेसाठी. तीन आठवडे लागले आणि पहिल्या रिपोर्टवर नुसतं 'झिओलाइट आढळले' असं होतं, कुठलं आणि किती ते नाही, फोन केल्यावर एक्सआरडीच्या ग्राफवरून, रीटव्हेल्ड नावाच्या पद्धतीने, टक्केवारी काढून दिली. ती ऑर्डर देतानाच लिहून मागा. फोनवरच्या ताईंनी मात्र अर्धा तास ग्राफ समजावून सांगितला, घाई केली नाही.

कुंड्यांसाठी त्यांनीच सुचवलं की आतला आयन बघा, सोडियम जास्त असलेलं झिओलाइट मातीला बरं नाही, कॅल्शियम-पोटॅशियमवालं घ्या. पहिली गोणी तशीच निघाली, म्हणून थोडी मातीत मिसळली, थोडी फिल्टरमध्ये. दुसरी टँकमध्ये नको, कॅल्साइटमुळे पाण्याचा हार्डनेस वाढतो, ती कुंड्यांच्या तळाशी खडी म्हणून पसरलीय. धरलेलं अमोनियम निघून जावं म्हणून फिल्टरची पिशवी आता तिसऱ्यांदा टँकबाहेर मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, खूप वेळा धुऊन परत लावलीय आणि सकाळी किटमधलं पाणी स्वच्छ पिवळं आलं.